कुंपणापलीकडची सात नंबर

३ फेब्रुवारी

आदरणीय विहीणबाई,
सप्रेम नमस्कार.

तेलाच्या साठ्याची दोन कंपन्यांतली वाटणी ठरवायला लवादाने तज्ज्ञ म्हणून तुम्हाला नेमलं, ही बातमी आमच्या कॉलनीत वाऱ्यासारखी पसरली. सकाळी हजेरीला मॅनेजरसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "आता काय बुवा, घरचंच राज्य!" म्हणाले. एवढी वर्षं कंपनीसाठी तेलाच्या विहिरी खणतोय, पण साहेबांचा हात पाठीवर पहिल्यांदाच पडला. तुमची कृपा.

तुमची ठकू मजेत आहे. इथल्या दवाखान्यातलं एक्स-रेचं मशीन तिच्या ताब्यात आल्यापासून आमच्या हिच्या गुडघ्याचे इतके फोटो निघालेत की आता अल्बम करायचा बाकी आहे. लोक म्हणतात सासू-सुनेचं पटत नाही. आमच्याकडे उलटं. दोघी एका बाजूला आणि मी एकटा दुसऱ्या. चिरंजीव विहिरी खणायच्या रिगवर असतात, दिवसभर चिखलात लोळून घरी येतात आणि बायकोची बोलणी खातात. लग्नाला वर्ष होत आलं, पण दोघांचं भांडण अजून ताजं आहे, म्हणजे सगळं ठीक चाललंय.

पाहणीला याल तेव्हा गेस्ट हाऊसला उतरू नका. हक्काचं घर आहे.

कामाचं म्हणाल तर मी सांगावं असं काही नाही. शेजारची कंपनी म्हणते, तेल सगळं त्यांच्याच बाजूला. अहो, तेलाला कुंपण कळतं का? खाली काय चाललंय ते त्या खालच्यालाच ठाऊक. तेव्हा नकाशावर रेघ ओढताना हात जरा सैल ठेवा, एवढंच म्हणतो. घरचा माणूस म्हणून.

आपला,
व्याही


९ फेब्रुवारी

आदरणीय व्याहीबुवा,
नमस्कार.

ठकूबद्दल वाचून बरं वाटलं. ती मला लिहिते ते दोन ओळींत. तुम्ही लिहिता तेव्हा ती दिसते.

गेस्ट हाऊसलाच उतरेन. राग मानू नका. आपलं नातं मी लवादाला पहिल्याच दिवशी लेखी कळवलं होतं. दोन्ही कंपन्यांनी 'हरकत नाही' म्हणून सह्या केल्या. तुमच्या कंपनीने जरा जास्तच लगबगीने केली, तेव्हाच खटकलं होतं. आता त्या थापेचं वाचून उलगडा झाला.

तेलाला कुंपण कळत नाही, मान्य. कायद्याला कळतं. तेल सरकारचं, काढायचा हक्क ज्याच्या नावावर पट्टा त्याचा, आणि पट्ट्याची हद्द जमिनीवर संपत नाही. कुंपण तिथून सरळ खाली पाताळापर्यंत जातं. त्या पाताळातल्या कुंपणाच्या कुठल्या बाजूला किती तेल आहे, एवढंच मला सांगायचंय. लोकांना वाटतं खाली तळं असतं. असते ती भिजलेली वीट. वीट किती जाड, तिच्यात भोकं किती, भोकांत तेल किती आणि पाणी किती, यावरून अंदाज काढायचा. त्यात हात सैल ठेवला तर अंदाजाची अफवा होते.

तुमच्या आणि त्यांच्या पट्ट्याच्या मधोमध, जवळजवळ कुंपणाखालीच, खडकात एक उभी भेग आहे. गच्च बुजलेली. अलीकडचं पलीकडे झिरपत नाही. म्हणून तुमच्या बाजूचा दाब वर्षानुवर्षं उतरत गेला आणि त्यांनी आपला टिकवून धरला.

आता मुद्दा. तुमच्या बाजूच्या साऱ्या विहिरींना धाप लागलीय आणि कुंपणाजवळची सात नंबर एकटी धावतेय. तिचा दाब तुमच्या बाजूशी जुळत नाही, भेगेच्या पलीकडच्या खडकाशी जुळतो. कागदावर ती सरळ खाली गेली आहे. खणलीत तुम्ही. खणताना विहीर किती वाकतेय ते मोजून तक्ता करतात, तो लागेल. कचेरीतून रीतसर मागणी येईलच. पण तुम्हाला हे आधी मॅनेजरच्या तोंडून कळू नये, म्हणून घरी लिहिलं.

आपली,
विहीण


१७ फेब्रुवारी

आदरणीय विहीणबाई,
नमस्कार.

तुमचं पत्र म्हणजे गोड शब्दांत समन्स. दोनदा वाचलं.

तक्ता मिळणार नाही. जुन्या शेडमधल्या कपाटाला वाळवी लागली होती, त्यात बरंच गेलं. वाळवी काय, कागद वाचून खात नाही. सात नंबर चांगली चालते याचं कारण ती चांगली खणली गेली. एखाद्या घरातलं एक पोर हुशार निघालं तर कोणी आईला जाब विचारतं का?

आणि तशीही ती आता थकलीय. आतल्या नळ्या गंजल्यात. साहेबांनी ठरवलंय, सोमवारी तीन मार्चला तिच्यातल्या नळ्या उपसायच्या आणि सिमेंट भरून ती कायमची बंद करायची. किडका दात ठेवून काय उपयोग? काम चिरंजीवांच्या हाताखाली होईल. पोरगा खूश आहे. एवढं मोठं काम त्याला पहिल्यांदाच मिळतंय.

एक सांगू? ठकूने परवा जेवताना विचारलं, "बाबा, आई आणि तुम्ही इतकं काय लिहिता हो एकमेकांना?" मी म्हटलं, तुझ्याच तक्रारी. हसली. तिला हसू दे. मुलीचं सासर असतं, विहीणबाई. तिथे दगड भिरकावताना आईने खिडकी कुणाची ते बघावं.

आपला,
व्याही


२६ फेब्रुवारी

व्याहीबुवा,

आमच्या कचेरीचा ड्रायव्हर तुमच्या बाजूला येतोय, त्याच्या हाती हे देतेय. कॉलनीचा फोन कंपनीच्या बोर्डावरून जातो, म्हणून फोन केला नाही. कृपा करून एकट्यानेच वाचा.

शेजारच्या कंपनीने लवादाला एक योजना सादर केलीय. ती गोपनीय आहे आणि मी लवादाची माणूस आहे. तुम्हाला सांगायचा मला अधिकार नाही. ती योजना अशी: कुंपणाला लागून असलेल्या त्यांच्या विहिरीतून ते खडकात जोराने गॅस भरणार आहेत. सुरुवात एक मार्चला. सोमवारी तुम्ही सात नंबर उघडाल तेव्हा पलीकडचा दाब चारशे-पाचशे पौंडांनी चढलेला असेल. आजच्या दाबाला पुरेल असा चिखल विहिरीत भरून तुम्ही नळ्या उपसाल, आणि तो चिखल गॅसला दाबून धरू शकणार नाही. वर उडेल. विहिरीचं तोंड बंद करायची मोठी झडप वर बसवली नसेल तर तुमच्या माणसांना पळायलाही वेळ मिळणार नाही.

मी आधी लवादाच्या अध्यक्षांकडे गेले. म्हटलं, त्यांना आठवडाभर थांबायला सांगा. ते म्हणाले, "कशासाठी? सात नंबर तिथे पोचते याचा पुरावा आहे का? नसेल तर मी एका पक्षाला त्याच्याच पट्ट्यात काम करू नको कसं सांगू? दहा तारखेला बैठक आहे, तेव्हा मांडा." त्यांचंही चुकलं नाही.

विहीर जर तुम्ही म्हणता तिथे असेल, तर हा आकडा तुमच्या काही कामाचा नाही. मी म्हणते तिथे असेल, तर तोच तुम्हाला वाचवेल. काय ते तुम्हीच ठरवा.

विहीण


२७ फेब्रुवारी

विहीणबाई,

ड्रायव्हर थांबलाय म्हणून लगेच लिहितो.

मी शिकलो कमी असेन, पण जाळं टाकलेलं मला कळतं. मी घाबरून काम थांबवायचं, मोठी झडप मागवायची, जड चिखल मागवायचा, आणि तुम्ही लवादापुढे म्हणायचं, बघा, चोराच्या मनात चांदणं. विहीर सरळ असती तर हा माणूस घाबरला कशाला असता? वा. गॅस भरण्याची गोष्टही खरी की रचलेली, देव जाणे.

सात नंबर आमच्या पट्ट्यात आहे. सोमवारचं काम सोमवारी होईल.

यापुढे ठकूच्या खुशालीखेरीज काही लिहू नये.

व्याही


३ मार्च, सोमवार
गेटजवळच्या चौकीतून

व्याहीबुवा,

मी तुमच्या गेटवर आहे. लवादाचं ओळखपत्र दाखवलं तरी पहारेकरी आत सोडत नाहीत. साहेबांचा हुकूम आहे म्हणे. त्यांच्यातल्या एका वयस्कर माणसाला पाया पडून विनवलं, तेव्हा तो हा कागद तुमच्यापर्यंत न्यायला तयार झाला. त्याच्यावर रागावू नका.

त्या पत्रातला शेवटचा भाग लिहायला नको होता. 'तुम्ही म्हणता तिथे असेल तर' ते सगळं. ते पुसून टाका. मला कबुली नको. लेखी देते: तुम्ही आज काय करता, झडप बसवता की नाही, यातलं एक अक्षर मी लवादापुढे किंवा कुठेही बोलणार नाही. तुमची पत्रं मी कोणाला दाखवणार नाही. माझा अहवाल हरू दे.

गॅस परवापासून भरतायत. आवाज मी इथे उभी राहून ऐकतेय. तुम्हालाही ऐकू येत असेल. तो पंपाचा आवाज आहे.

वर जावईबापू आहेत. बाकीची माणसं आहेत.

आकडा तेवढा ठेवा.


८ मार्च

विहीणबाई,

सगळे जिवंत आहेत. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागणार नाही. ठकूने फोनवर सांगितलंच असेल, पण काय घडलं ते तिला नीटसं माहीत नाही.

ड्रायव्हरने आणलेलं पत्र मी खिशातून काढून ड्रॉवरात फेकलं होतं. खोटं कशाला बोलू, तो आकडा चार दिवस डोक्यात घोंघावत होता. पण प्रत्येक वेळी ते तुमचं वाक्य आठवायचं आणि माथं भडकायचं. सोमवारी काम सुरू करायचा इशारा मीच दिला. मोठी झडप बसवायची नाही, असं साहेबांनी ठरवलं होतं. म्हणाले, "तुमच्याच कागदांवर या बाजूला दाब उरलेला नाही. मग अर्धा दिवस घालवता कशाला? विहिरीचा वाक मोजायचं लवादाचं उपकरण यायच्या आत सिमेंट पडलं पाहिजे." मी मान डोलावली. माझ्याच कागदांनी माझं तोंड बांधलं होतं.

अर्ध्या नळ्या बाहेर आल्या असतील, तेव्हा तो पहारेकरी धापा टाकत आला. मी उभ्या उभ्या वाचलं. जाळं टाकणारा माणूस आपल्याच हाताने दोर कापून देत नाही, एवढं मला कळलं. मग कान दिला. पंपाचा आवाज सकाळपासून येत होता. मीच तो ऐकायचा नाही असं ठरवलं होतं.

मी वर गेलो आणि ओरडलो, "थांबा! हात लावू नका कशाला!"

साहेब खालून वर आले. "काय झालं?"

"मोठी झडप बसवा. आधी ती, मग पुढचं."

"डोकं फिरलंय का? या बाजूला दाबच नाही."

"विहीर या बाजूला नाही, साहेब."

चिरंजीव हातातला पाना धरून उभा होता. म्हणाला, "म्हणजे?"

"म्हणजे कुंपणापलीकडे आहे. मीच नेलीय."

साहेब माझ्याकडे असे बघत राहिले, जणू त्यांना हे आत्ताच कळतंय. त्यांच्याच खोलीत बसून ठरलं होतं आणि त्यांनीच मला बढती दिली होती. पण त्या क्षणी त्यांनी माझं नावसुद्धा न ऐकल्यासारखं केलं आणि खाली उतरून गेले. पोरगा मात्र हलला. त्याने क्रेन बोलावली आणि झडप चढवायला लावली. साखळदंड त्याने स्वतः ओढले. माझ्या बाजूला पाठ करून.

झडप बसली, शेवटचा बोल्ट आवळला आणि आम्ही पाणी प्यायला खाली आलो. तेव्हा आमचा चिखलाचा पंप बंद असताना टाकीतला चिखल चढायला लागला. आधी वाटलं भास आहे. मग टाकी भरून वाहू लागली आणि विहिरीने तोंड उघडलं. तो आवाज मी पूर्वी एकदाच ऐकला होता, तरुणपणी, दुसऱ्या गावच्या क्षेत्रावर. तिथून परत आलेल्यांत मी होतो, बरेच नव्हते. चिखलाचा खांब वर गेला, त्याच्या मागे गॅस. वर मनोऱ्यावर एक जण होता, तो दोराने सरकत खाली आला आणि पडला. पोराने धावत जाऊन झडप बंद केली. बस्स. सगळं शांत. चिखल मात्र आमच्या अंगावर नंतरही कितीतरी वेळ टपटपत होता.

मनोऱ्यावरच्या माणसाच्या खांद्याचं हाड मोडलंय. एक्स-रे ठकूनेच काढला. बाकी कोणाला खरचटलंही नाही. पुढे जड चिखल भरून विहीर गप्प केली, आणि दुसऱ्या दिवशी साहेबांनी 'सुरक्षेसाठी' म्हणून तिच्यात सिमेंट ओतलं. आता तिच्यात उपकरण जाणार नाही.

पोरगा माझ्याशी बोलत नाही. जेवायला बसतो, वाढून घेतो, उठतो. हिने कारण विचारलं. मी सांगितलं.

व्याही


२० मार्च

व्याहीबुवा,
नमस्कार.

सगळे जिवंत आहेत, ही पहिली ओळ मी किती वेळा वाचली ते सांगत नाही.

सोमवारी गेटवरून मी थेट अध्यक्षांकडे गेले आणि गोपनीय योजना तुम्हाला कळवल्याचं सांगितलं. त्यांनी मला काढलं. ते योग्यच केलं. नकाशा लवादाकडे राहील, त्यावरची माझी सही मात्र खोडली गेली. कचेरीत माझी चौकशी चालू आहे, तोवर मी घरी. टेबल रिकामं करून आले. भिंगं आणि रंगीत पेन्सिली पिशवीत घातल्या, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या बाई रडायला लागल्या. मलाच त्यांची समजूत काढावी लागली.

परवा शेजारच्या कंपनीचे वकील घरी आले होते. फार गोड बोलले. "बाई, त्यांनी तुम्हाला काय काय लिहिलं तेवढं दाखवा. तुमच्यावरचा डागही जाईल." मी पत्रं दाखवली नाहीत. शब्द दिलाय. ते म्हणाले, मग तुमच्या कंपनीचे वकील म्हणणार, सुपरवायझर, म्हणजे तुम्ही, घाबरून काहीबाही बरळला, विहीर सरळच होती. विहिरीत सिमेंट आहे, मॅनेजरने काही ऐकलेलंच नाही आणि रिगवरच्या माणसांना नोकऱ्या टिकवायच्या आहेत. मग उरलं काय?

ठकूचा फोन आला होता. पोस्टातून केला होता तिने. "आई, एकच सांग. तू माझ्या नवऱ्याला वाचवलंस की माझ्या सासऱ्यांना अडकवलंस?" मी म्हटलं, दोन्ही. तिने फोन ठेवला. तेव्हापासून केलेला नाही.

तुम्हाला लवादाचं बोलावणं येईल. काय बोलायचं ते मी सांगणार नाही. विचारलंत तरी सांगणार नाही.

त्या माणसाच्या खांद्याचं कळवा.

आपली,
विहीण


१४ एप्रिल

विहीणबाई,
नमस्कार.

खांदा जुळतोय. महिनाभर वर चढायचं नाही, म्हणून तो वैतागलाय.

साक्ष परवा झाली. आदल्या दिवशी कंपनीचे वकील घरी आले. चहा घेतला, हिच्या गुडघ्याची चौकशी केली आणि म्हणाले, "तुम्ही फक्त एवढंच म्हणा की आठवत नाही. घाबरलेल्या माणसाला आठवत नाही, यात गैर काही नाही. पेन्शन, क्वार्टर, मुलाची नोकरी, सगळं जागच्या जागी राहील." मी विचार करून सांगतो म्हटलं. खरंच विचार केला, विहीणबाई. मी काही संत नाही. हिला विचारलं. ती म्हणाली, "मला विचारू नका. खणताना विचारलं होतंत का?"

लवादाची खोली लहान आहे. लांब टेबल, वर पंखा, तो कागद उडवत होता म्हणून बंद केला होता. सगळे घामाने निथळत होते. साहेब समोर बसले होते, नखं बघत. पोरगा मागच्या बाकावर, ठकू त्याच्या शेजारी. येणार म्हणून मला कोणी सांगितलं नव्हतं.

आमच्या वकिलांनी विचारलं, "तीन मार्चला तुम्ही जे बोललात असं म्हणतात, ते भीतीपोटी होतं का?"

मी म्हटलं, "हो. भीतीपोटीच. खरं बोलायला मला भीतीच लागली."

ते खाली बसले. मग अध्यक्षांनी नकाशा पसरला. तुमचाच, सही खोडलेला. पेन्सिल माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "विहिरीचं टोक कुठे आहे ते दाखवा." मी कुंपणाची रेघ शोधली, ती भेगेची रेघ शोधली, दोन्ही ओलांडल्या आणि टिंब दिलं. ते नेमकं पडलं.

अध्यक्ष म्हणाले, "इतकी वर्षं झाली. तक्ता नाही, विहिरीत उपकरण जात नाही. खात्री आहे तुमची?"

मी म्हटलं, "साहेब, जी जागा मी एवढी वर्षं लपवली, ती मी विसरेन कसा?"

कोणी तरी हसलं. मी नाही.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. सात नंबरने काढलेलं सगळं तेल शेजारच्यांच्या हिश्शात धरायचं ठरलं. मॅनेजरसाहेबांचा जबाब पुन्हा घेणार आहेत. मला कामावरून काढलं आणि माझ्यावर फौजदारी लागेल असं वकील म्हणतात. पोराची नोकरी सध्या आहे. क्वार्टर महिनाअखेर सोडायचं. ही भांडी बांधतेय. ठकू तिला मदत करतेय. ती तुम्हाला फोन करेल असं मी म्हणत नाही. पण आज पोस्टात जाते असं सांगून बाहेर पडली, आणि हातात पाकीट नव्हतं.

पोराने काल तोंड उघडलं. मी अंगणात खोके बांधत होतो, तो येऊन शेजारी बसला. दोराचं दुसरं टोक धरलं. म्हणाला, "वळवलीत कशी?"

मी सांगितलं. कुठून वाकवायला लागलो, खाली पाचर कशी सोडली, किती अंश, कागदावर काय लिहिलं. तो कामाचं ऐकावं तसं ऐकत राहिला. मग म्हणाला, "एवढं सोपं होतं?"

"हो रे," म्हटलं. "पहिल्याच दिवशी जमलं."

व्याही